मेंढीवर टाकलेला दात

कवळी बोचायला लागली तेव्हा सोजरबाईंनी पहिला दोष सुनेच्या ठेच्याला दिला, दुसरा शिरूरच्या डॉक्टरणीला आणि तिसरा हवेला. काही दिवस कवळी तोंडात कमी आणि पाण्याच्या वाटीत जास्त राहिली. मग एका सकाळी ओट्यावर बसून चूळ भरताना त्यांची जीभ वरच्या हिरडीवर उजवीकडे गेली आणि तिथेच थांबली. काहीतरी टोकदार होतं. भाकरीतला खडा असेल म्हणून त्यांनी नखाने काढून बघितला. तो निघेना. हलेनासुद्धा.

"प्रतिभा, जरा इकडं ये गं. माझ्या तोंडात काय रुतलंय बघ."

प्रतिभा पिठाच्या हातांनी आली. सासूबाईंनी आ केला. तिने आधी डोळे बारीक करून बघितलं, मग पदराला हात पुसून मोबाईलची बॅटरी लावली आणि पुन्हा बघितलं.

"आत्या," ती हळूच म्हणाली, "तुम्हाला दात येतोय."

"चेष्टा पुरं. तवा जळतोय तिकडं."

"आवो खरंच. पांढरा हाय. बारक्या पोराला येतो तसाच, टोक काढलंय."

सोजरबाईंनी पुन्हा बोट लावून बघितलं. सत्तरी ओलांडून त्यांना दोनचार वर्षं झाली होती. शेवटचा दात पडला त्यालाही दहा-बारा वर्षं झाली असतील. त्यांनी तोंड मिटलं. मग देवळीतल्या गोळ्यांच्या बाटलीकडे बघून त्यांनी हात जोडले.

या बाटलीचं असं झालं होतं. प्रतिभाची मुलगी अंकिता कारेगावला खोली घेऊन राहते. एमआयडीसीतल्या एका जपानी कंपनीच्या ऑफिसात ती कामाला आहे. कंपनी गाड्यांचे सुटे भाग बनवते, पण वडगाव रासाईत ती नुसती 'जपानची कंपनी' म्हणूनच माहीत आहे. मागच्या सुट्टीला आली तेव्हा आजीच्या पायांशी बसून अंकिताने मोबाईलवरची एक बातमी वाचून दाखवली होती. जपानात माणसाला नवे दात उगवावेत म्हणून औषध शोधतायत आणि माणसांवर चाचण्याही सुरू झाल्यात. "पण आजी, बरीच वर्षं लागतील. आलं तरी सगळ्यांना लागू पडेल का, तेही अजून माहीत नाही," असंही ती म्हणाली होती. सोजरबाई तोवर पहिल्याच वाक्यापाशी रमल्या होत्या. जाताना अंकिताने हाडांसाठी म्हणून कॅल्शियमच्या गोळ्यांची बाटली आजीच्या हातात ठेवली. आजीने बातमी आणि बाटली एकाच दोऱ्याने शिवून टाकली आणि कुणाला न सांगता रोज एक गोळी श्रद्धेने घेतली.

"पोरीनं बोलून दाखवलं न्हाई," त्या आता सुनेला म्हणाल्या. "कंपनीतनं गुपचूप आणलं असंल. नोकरीचा प्रश्न असतो बाई."

शेजारच्या भागुबाई विरजण मागायला आल्या आणि दात बघून विरजण न घेताच परत गेल्या. नवनाथ, म्हणजे सोजरबाईंचा मुलगा, उसाला पाणी सोडून घरी आला तोवर ओट्यावर आठ-दहा बायका बसल्या होत्या आणि त्याची आई तोंड उघडून मध्ये बसली होती. नवनाथ सरळ माणूस. त्याने आईच्या तोंडाचा फोटो काढला आणि भावकीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आईला नवीन दात आला. सर्वांचे आशीर्वाद असावेत.'

आशीर्वाद आलेच, पण त्यांच्याआधी गोळीचं नाव विचारणारे आले. कुणी सासऱ्यासाठी, कुणी स्वतःसाठी. न्हावऱ्याहून एक गृहस्थ मोटरसायकलवरून आले आणि चहा न घेता बाटलीचा फोटो काढून गेले. संध्याकाळी अंकिताचा फोन आला.

"पप्पा, ग्रुपवर काय टाकलंय तुम्ही? आमच्या सुपरवायझरच्या सासूबाई मला गोळ्या मागतायत. कॅन्टीनवाल्यानं भाजी फुकट वाढली मला."

"मग दे की एकदोन गोळ्या."

"अहो पप्पा, कॅल्शियम आहे ते. कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतं. आणि कुणीतरी आमच्या जपानी साहेबांना विचारून आलंय, दाताचं औषध कुठल्या डिपार्टमेंटला बनतं म्हणून. ते सकाळपासून आरशात बघतायत. त्यांना वाटतंय, लोक त्यांच्या दातांवर बोलतात."

सोजरबाईंनी फोन मागून घेतला. "अंकू, तू काय बी बोलू नको बाळा. मी बी कुणाला सांगत न्हाई," असं म्हणून त्यांनी तो बंद केला आणि ओट्यावरच्या बायकांना पहिल्यापासून सगळं सांगायला घेतलं.

त्या दिवसांत सोजरबाई फार सुखात होत्या. बोलता बोलता थांबायच्या आणि जिभेने दात चाचपून पुढे बोलायच्या. खायच्या गोष्टी त्यांनी मनात ओळीने मांडून ठेवल्या होत्या. भाजलेल्या शेंगा, कोवळं कणीस, आणि दाताने सोललेलं उसाचं कांडं. सोलून तुकडे केलेला ऊस त्यांना मान्य नव्हता. ऊस दातानेच सोलायचा, तेव्हाच तो गोड लागतो. एका दाताने यातलं काही जमणार नव्हतं, पण एकामागून बाकीचे येतीलच, हा हिशोब त्यांनी धरला होता.

मग वरवंडहून फोन आला.

वरवंडला त्यांचे मामा राहतात, गेणबामामा. वय ऐंशीच्या पुढे कुठेतरी. नक्की आकडा मामाही सांगत नाहीत. पूर्वी त्यांचा मेंढरांचा वाडा, म्हणजे कळप आणि सगळं बिऱ्हाड, पावसाळा संपला की भीमाकाठाने खाली उतरायचा. आता मेंढरं गेली, शेती आली, आणि मुलगा मल्हार भाजीपाल्याची जीप चालवतो. दोन गोष्टींसाठी मामा साऱ्या नातेवाइकांत प्रसिद्ध आहेत. एक म्हणजे त्यांचे दात. लग्नकार्यात जेवणं झाली की मामा मांडवात बसून सुपारी दाताने फोडून दाखवायचे आणि म्हणायचे, "बत्तीस. मोजून घ्या." दुसरी म्हणजे त्यांचं जाणं. गेली वीस वर्षं मामा सकाळ-संध्याकाळ सांगत आले आहेत की आता बिरोबाने उचलावं, काही राहिलं नाही. शेवटच्या दिवसासाठी कोरं धोतर पेटीत वेगळं काढून ठेवलेलं आहे. पहिलं धोतर कसरीने खाल्लं, तेव्हा दुसरं आणून ठेवलं.

"आक्का," मल्हार फोनवर म्हणाला, "दाताचं ऐकल्यापासनं आबा अस्वस्थ हायती. तुमच्याशी बोलायचं म्हणत्यात."

सोजरबाईंना भरून आलं. मामांचं वडगावला येणं वर्षभर बंद होतं. गावच्या जत्रेला आले नाहीत, सोजरबाईंच्या पुतणीच्या लग्नालाही आले नाहीत. फोनवर 'हूं' आणि 'बरं' याच्यापुढे बोलत नव्हते.

"मामा, कळलं न्हवं? मला दात—"

"वरचा का खालचा?" मामांचा आवाज फडक्यातून आल्यासारखा येत होता.

"वरचा."

पलीकडे कुठेतरी शेळी ओरडली.

"नीट बघ. आरशात उलटं दिसतं."

"मामा, उलटं दिसलं तरी वरचं खाली व्हत न्हाई. वरचाच हाय."

"आक्का," आता मल्हारचा आवाज आला, "आबा खाली बसलं."

आपल्याकडे बाळाचा पहिला दात खाली यावा लागतो. वर आला तर तो मामाला जड जातो. मग मामाला बोलावतात. काशाच्या वाटीत तेल घालून तो भाच्याचं तोंड आधी तेलात बघतो, मग त्याच्यावरून नारळ उतरवतो, ऐपत असेल तर चांदीचा दात करून देवाला वाहतो. तोवर मामाने भाच्याचं तोंड उघड्या डोळ्यांनी बघायचं नाही. आजकालची मामामंडळी यावर हसतात आणि कुणाचं लक्ष नसताना नारळ फोडून येतात. पण भाचीच सत्तरीची असेल तर काय करायचं, हे कुणी सांगून ठेवलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मल्हारची जीप दारात उभी राहिली. गेणबामामा पाठमोरे उतरले. डोक्यावरचं उपरणं त्यांनी नाकापर्यंत गुंडाळलं होतं. मल्हारच्या खांद्याला धरून ते उलट पावलांनी अंगण ओलांडून आले आणि घराकडे पाठ करून बाजेवर बसले. तोवर निम्मी आळी गोळा झाली.

सोजरबाई उंबऱ्यात आल्या. "वरसानं आलात आन् पाठ दाखवता व्हय मामा?"

"पुढं येऊ नको. तेल आणा कुणीतरी."

"आवो, मी काय पाळण्यातली हाय का?"

"दात कुणाला आला, मला का तुला?"

"पण माझा पयला दात कवाच येऊन गेला की. पडला बी."

मामांनी यावर वाटेत विचार करून ठेवला होता. "ते सगळे गेले, तिथं तो जन्म संपला. आता आला त्यो नव्यानं. म्हंजी पयला. आन् पयला वरचा."

गर्दीतून भागुबाई म्हणाल्या, "बोलणं बरोबर हाय."

"तुम्हाला कुणी विचारलं?" सोजरबाई म्हणाल्या.

प्रतिभाने काशाची वाटी आणली, गोडेतेल घातलं. आता बाळाला मांडीवर कुणी घ्यायचं, हा प्रश्न निघाला. एरवी आई घेते. सोजरबाईंची आई जाऊन किती काळ लोटला होता. नवनाथने तयारी दाखवली, पण सोजरबाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की तो गुरांना पाणी दाखवायला निघून गेला. शेवटी सोजरबाई स्वतःच बाजेच्या मागे बसल्या, मामांच्या खांद्यावरून तोंड पुढे काढून त्यांनी आ केला, आणि प्रतिभाने वाटी मामांच्या नाकासमोर धरली.

"दिसला का?"

"उपरणं दिसतंय."

"मग उपरणं काढा की."

"उपरणं काढायचं न्हाई," मामा घाईने म्हणाले. "तेल हलवू नको. आता आभाळ दिसतंय. भागुबाईचं डोकं दिसतंय. दात काय दिसंना." त्यांनी वाटी बाजूला सारली. "न्हाई दिसला म्हंजी उतरला न्हाई. सोजर, काढून टाक त्यो."

"काय?"

"दात. शिरूरला जाऊ, काढून टाकू. इशय मिटला."

सोजरबाईंनी तोंड मिटलं होतं आणि जीभ दातावर ठेवली होती, हे त्यांच्या गालावरून कळत होतं.

"मामा," त्या शेवटी म्हणाल्या, "तुम्ही तर रोज बिरोबाला हाका मारता. उचल म्हणता. आता यायची येळ झाली तर माझ्या दातावर का उठलाय?"

"हाका मी मारतो. त्यानं त्याच्या सवडीनं यावं. तुझ्या दाताच्या सांगण्यावरनं कशाला?"

मल्हारने तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते.

"मी काढायची न्हाई," सोजरबाई म्हणाल्या. "एक दात तुम्ही आधीच बाजारात विकलाय माझा. हा मिळायचा न्हाई."

हे जुनं दुखणं होतं आणि साऱ्या भावकीला पाठ होतं. सोजर दहा-अकरा वर्षांची असताना आजोळच्या वाड्याबरोबर हिंडत होती. तेव्हा तिचा वरचा, उजवीकडचा दुधाचा दात पडला. पडलेला दात शेणाच्या गोळीत घालून घराच्या छपरावर टाकतात, म्हणजे त्या जागी नवा येतो. पण वाड्याला कुठलं छप्पर? आज इथे मुक्काम, उद्या तिथे. गेणबामामाला तेव्हा नुकतं मिसरूड फुटलं होतं आणि साऱ्या गोष्टी त्यालाच कळायच्या. त्याने विचार केला, आपलं घर म्हणजे आपली मेंढरं. मग त्याने गोळी नेम धरून एका कानडीच्या, म्हणजे काळ्या कानांच्या मेंढीच्या, पाठीवर टाकली. ती लोकरीत बसली. पुढच्या आठवड्यात थोरल्या मामाने दौंडच्या बाजारात जी मेंढरं दिली, त्यांत ही कानडीही गेली. सोजरचा तो दात कधी आलाच नाही. लग्न ठरताना सासूने फट बघून नाक मुरडलं होतं. पुढे सगळे दात पडून कवळी आली, फट राहिली नाही, पण मामांना टोमणा मारायची सवय सोजरबाईंना राहिली. 'माझा दात कुठल्या खाटकाच्या दारात हिंडतोय कुणास ठाऊक,' असं त्या प्रत्येक लग्नात म्हणायच्या आणि मामा सुपारी फोडून उत्तर द्यायचे.

आज मात्र मामांनी सुपारी काढली नाही. "त्या फटीतनं शीळ कोण घालायचं?" एवढंच ते म्हणाले. "अख्खा वाडा वळायचा तुझ्या शिळंवर. ते न्हाई काढत कधी."

जेवायला बसतानाही ते भिंतीकडे तोंड करून बसले. प्रतिभाने मुद्दाम त्यांच्यासाठी शेंगा भाजल्या होत्या, बाजरीची खरपूस भाकरी केली होती. मामांनी शेंगांना हात लावला नाही. भाकरी दुधात कुस्करून मागितली.

"का हो आबा, भाकरी कडक झाली का?"

"न्हाई बाय. जड दिवसात चावून खाऊ नये."

असा नेम प्रतिभाने कधी ऐकला नव्हता. तिने मल्हारकडे बघितलं. मल्हार ताटातल्या कांद्याकडे बघत होता.

सोजरबाई चौकटीला टेकून मामांची पाठ बघत बसल्या. उपरणं कानांमागे घट्ट आवळलेलं, मान पुढे झुकलेली, आणि दूध पिताना खालीवर होणारे खांदे. एके वर्षी भीमेला अवेळी पाणी आलं होतं. पलीकडे न्यायला नाव नव्हती. मामाने आधी कोकरं नेली, मग सोजरला पाठीवर घेतलं. पाणी छातीपर्यंत होतं. तो सारखा म्हणत होता, मान आवळू नको, मेलो तर तूबी जाशील. आणि ती आणखीच आवळत होती. ती पाठ तेव्हा दाराएवढी वाटायची. आता उपरण्याखाली नुसती हाडं दिसत होती, आणि ती दुधाच्या वाटीवर वाकून मरणाला घाबरत होती.

त्या उठल्या. कवळीची वाटी ओतून त्यांनी कवळी रुमालात बांधली.

"मल्हार, जीप काढ. शिरूरला जाऊ."

"कशाला आक्का?"

"काढून टाकते. दाताचं काय एवढं. दहा-बारा वरसं न्हवताच की."

हे बोलताना त्यांचा आवाज नीट होता. जीपमध्ये चढताना मात्र त्यांनी प्रतिभाकडे शेंगांची पुडी मागून घेतली आणि कुणाला न दाखवता एक शेंगदाणा त्या दाताखाली धरून बघितला. खाली काहीच नसल्यामुळे तो फुटला नाही. त्यांनी तो तसाच गालात ठेवला.

मामा पुढे बसले, सोजरबाई आणि प्रतिभा मागे. निघाल्या निघाल्या मामा म्हणाले, "मल्हार, त्यो आरसा फिरव. त्यात मागचं तोंड दिसंल."

"आबा, आरसा फिरवला तर मागची गाडी कशी दिसंल मला?"

"मागच्या गाडीला आपण दिसतोय न्हवं? बास."

मल्हारने आरसा फिरवला. न्हावऱ्यापर्यंत एक उसाचा ट्रॅक्टर मागून भोंगा वाजवत होता आणि मामा म्हणत होते की लोकांना दम निघत नाही.

शिरूरची डॉक्टरीण माया वयाने अंकितापेक्षा थोडीच मोठी. सोजरबाईंची आताची कवळी तिनेच केली होती. ती भावकीच्या ग्रुपवर नव्हती, तरी फोटो तिच्यापर्यंत पोहोचला होता. सकाळपासून तीन पेशंट जपानी गोळी मागून गेले होते. तिने सोजरबाईंना खुर्चीत बसवलं, दात बघितला, काही न बोलता एक्स-रे काढला. मामांनी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून भिंतीकडे तोंड केलं. भिंतीवर दातांचं मोठं चित्र होतं. ते बघून त्यांनी डोळेही मिटले.

"आजी, ती गोळी कॅल्शियमची आहे ना? तिनं काही दात उगवत नाही," माया म्हणाली. "आणि जपानचं ते औषध अजून कुठल्याच दुकानात आलेलं नाही."

"मग हा कुठनं आला?"

"आतूनच. हे बघा." तिने पडद्यावर चित्र दाखवलं. "हा नवा नाहीच. हा तुमचा लहानपणचाच सुळा. तेव्हा बाहेर यायचं चुकलं आणि हाडात तिरका अडकून बसला. इतकी वर्षं झोपून होता. आता हिरडी झिजली, हाड बसलं, म्हणून टोक बाहेर पडलं. असं होतं कधीकधी."

सोजरबाई पडद्याकडे बघत राहिल्या. नवा नाही म्हटल्यावर पहिल्यांदा त्यांचा चेहरा उतरला. एकामागून एक येणारे बाकीचे दात, शेंगा, कणीस, ऊस, सगळं एकदम मागे सरलं. मग त्यांनी उजव्या गालावर हात ठेवला.

"उजवीकडला," त्या म्हणाल्या. "वरचा. कवा आलाच न्हवता त्यो?"

"हो, तोच."

"मामा," सोजरबाई खुर्चीतूनच म्हणाल्या, "त्यो हाय. मेंढीवरचा."

स्टुलावर मामांनी डोळे उघडले.

"तर मग काढून टाकू ना?" माया म्हणाली. "नाहीतर कवळी बसायची नाही. इंजेक्शन दिलं की दुखणार नाही. तुमच्याबरोबरचे आबा म्हणतच होते, काढायचाच आहे म्हणून."

"थांबा," मामा म्हणाले.

ते उठले. भिंतीला धरून वळले, आणि डॉक्टरीण व खुर्ची यांच्यामध्ये येऊन उभे राहिले.

"त्याला हात लावायचा न्हाई."

"अहो आबा, तुम्हीच तर—"

"तवा त्यो नवा हुता. आता जुना हाय. जुना म्हंजी पयला न्हाई, पयला न्हाई म्हंजी मला जड न्हाई. आन् ह्या पोरीनं अख्ख्या भावकीत मला चोर ठरवलंय. दात बाजारात विकला म्हणून. साठ वरसं ऐकतोय. विकला न्हवता, तुझ्या तोंडातच हुता की गं. मी टाकलेली गोळी बरोबर लागली हुती. उगवला का न्हाई? उशीर झाला असंल. मेंढरू हाय ते, फिरून येणार."

बोलण्याच्या भरात उपरणं गळ्यात आलं होतं. मामांना ते कळलं तेव्हा सगळे त्यांच्याकडेच बघत होते. ओठ आत वळले होते, गाल बसले होते, आणि आत एकही दात नव्हता.

मामांनी उपरणं वर ओढलं, मग काही उपयोग नाही म्हणून सोडून दिलं.

"मामा," सोजरबाई हळूच म्हणाल्या, "बत्तीस?"

"हलत हुते दोन-तीन वरसं. सुपारी तर आधीच चिरा पाडून खिशात ठेवायचो." मामा जमिनीकडे बघत होते. "गेल्या साली सगळेच गेले. लग्नाला येऊन काय करू? लोक म्हणणार, फोडा सुपारी."

"म्हणून आला न्हाईत?"

"तू टोमणा मारला असतास आन् मला उत्तर देता आलं नसतं."

सोजरबाई हसायला लागल्या. आधी नुसत्या खांद्यांनी, मग उघड. त्यांच्या उघड्या तोंडात तो एकटा सुळा चमकत होता. मामांनी तो आता डोळे भरून बघितला, आणि तेही हसले. मल्हार दाराशी उभा होता. त्याला एवढंच दिसलं: दोन म्हातारी माणसं, दोघांत मिळून एक दात, आणि मध्ये इंजेक्शन धरून उभी असलेली डॉक्टरीण.

मायाने इंजेक्शन खाली ठेवलं. दात घट्ट आहे, हिरडी सुजलेली नाही. कवळीलाच तिथे खाच पाडून देते, अधूनमधून दाखवून जा, असं ती म्हणाली. तिने कवळी घासली, बसवून बघितली, पुन्हा घासली. सोजरबाईंनी गालातला शेंगदाणा जिभेने सुळ्याखाली आणला. खालच्या कवळीवर तो अलगद फुटला. त्या डोळे मिटून बराच वेळ चावत राहिल्या.

"आबा, तुमचंही माप घेऊ का?" मायाने विचारलं. "कवळी होईल चांगली."

"कवळी न्हाई," मामा म्हणाले. मग जरा घुटमळून खुर्चीच्या कडेला टेकले आणि आवाज उतरवून म्हणाले, "ते जपानचं कवा येणार हाय?"

"सांगता येत नाही. अजून चाचण्याच चालू आहेत. सगळं नीट झालं तरी आपल्याकडे यायला आठ-दहा वर्षं लागतील. तुमच्या वयाला चालेल का, तेही माहीत नाही."

मामांनी मनाशी काहीतरी जुळवून बघितलं.

"थांबतो," ते म्हणाले.

"आबा," मल्हार म्हणाला, "आन् बिरोबा?"

"त्याला बी थांबू दे. तू बाहेर जाऊन आरसा सरळ कर."

त्यांनी कवळीचंही माप दिलं, मधल्या दिवसांसाठी म्हणून. ती मिळाली त्या आठवड्यात वरवंडच्या बाजाराला जायचं ठरलं, आणि सकाळी मल्हारने बघितलं तर आबांनी पेटी उघडून शेवटच्या दिवसाचं कोरं धोतर बाहेर काढलं होतं आणि ते आरशासमोर नेसत होते.

"आबा, हे तर ठेवणीतलं."

"दहा वरसं पेटीत ठेवून काय करू?" मामा निऱ्या घालत म्हणाले. "पयल्यागत कसर लागंल त्याला."